उलटे आटे

"'बोल्ट मायेने आवळावा,'" तिने मोठ्यांदा वाचलं आणि हातातला पाना खाली ठेवून ती खो-खो हसत सुटली.

रविवारची सकाळ होती. जुन्या गॅरेजचं केलेलं ते वर्कशॉप नुसतं गजबजलं होतं. छताला उलट्या टांगलेल्या सायकली, भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले पाने, आणि खाली एकाला एक लागून उभे केलेले स्टँड. तासाचं भाडं भरायचं, एक स्टँड घ्यायचा, तिथलीच हत्यारं वापरायची आणि आपली सायकल आपल्या हाताने नीट करायची, अशी तिथली रीत. वर्कशॉपच्या मालकांना सगळे मामा म्हणत. ते तिथल्या कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण ओरडायचे मात्र सख्ख्यासारखे.

"मामा, अहो ऐका तरी! मायेने आवळावा म्हणे. म्हणजे आवळता आवळता अंगाई म्हणायची की काय? कुठल्या गाढवाने लिहिलंय हे पत्रक?"

मामांनी नुसता हातातला पाना तिच्या पाठीमागे रोखला.

ती वळली. मागे एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. काखेत फाईल, खिशाला पेन, आणि कान... लालबुंद.

"मी," तो म्हणाला. "म्हणजे... ते गाढव मीच."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण माणूस रागावलेला दिसत नव्हता. उलट तिच्या हातातल्या पत्रकाकडे असा बघत होता, जसं आपलंच कार्टं भर वर्गात उभं केलंय.

"मूळ भाषेतला शब्द फार छान होता हो," तो जरा पुढे आला. "अगदी सैलही नाही, अगदी करकचूनही नाही. नीट बसेल, पण गुदमरणार नाही. मी दोन दिवस विचार केला. शेवटी 'मायेने' सुचलं."

"मला 'बेताने' सुचलं असतं."

त्याने खिशातलं पेन काढलं, फाईल उघडली आणि तो शब्द लिहून घेतला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "बेताने."

चूक दाखवल्यावर वाद न घालणारा पुरुष तिने फारसा पाहिला नव्हता. तिने त्याच्याकडे पुन्हा एकदा बघितलं, या वेळी जरा नीट.

तो भाषांतरकार होता. परदेशातून येणाऱ्या यंत्रांबरोबर जी घडीची पत्रकं येतात, ती आपल्या भाषेत आणायचं त्याचं काम. मिक्सर, पंखे, पाणी गाळायची यंत्रं... सगळं करून झालेलं. सायकलच्या सुट्या भागांचं पत्रक मात्र अंगाशी आलं होतं. गिऱ्हाइकं हसतायत, अशी तक्रार आली, आणि कंपनीने सगळं नव्याने लिहायला सांगितलं. म्हणून तो आला होता, सायकल खरोखर जोडतात कशी ते बघायला.

"तुम्ही स्वतः चालवता?" तिने विचारलं.

"छे. येतच नाही. वॉशिंग मशिनचं पत्रकही मी लिहिलंय, पण म्हणून मी काही त्यात बसत नाही."

तिला पुन्हा हसू फुटलं. हसू लपवायला ती सायकलकडे वळली. सायकल कसली, नुसता सांगाडाच होता स्टँडवर. राखाडी-निळ्या रंगाची जुनी फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा तिचा चिमटा, बाकी सगळं खोक्यात. पॅडलांचा आस ज्या नळीतून जातो तिथला कप बसवायचं काम तिने हाती घेतलं होतं, आणि तो काही केल्या आत जात नव्हता.

"आता आलाच आहात तर हे सांगा. उजवीकडे फिरवा, असं लिहिलंय तुम्ही. मी मघापासून फिरवतेय. मनगट गेलं माझं."

"अहो, थांबा! थांबा!" मामा दोन स्टँड ओलांडून धावत आले. त्यांनी तिच्या हातातून पाना जवळजवळ हिसकावला. "त्या बाजूचे आटे उलटे असतात! डावीकडे फिरवायचं तिथे. अजून एक जोर लावला असता, तर फ्रेम भंगारात गेली असती."

विजेरी लावून मामांनी नळीत डोकावलं. पहिल्या आट्याची कड जराशी खरवडली होती, बाकी शाबूत. मामांनी बोटावर ग्रीस घेतलं, कप लावला आणि डावीकडे फिरवला. तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.

भाषांतरकाराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"माझ्यामुळे तुमची फ्रेम गेली असती."

"गेली नाही ना."

"पण गेली असती." मग तो म्हणाला, "एक विचारू? तुम्ही पहिल्यांदाच जोडताय. मी नव्याने लिहीन, तसं दर रविवारी येऊन तुम्हाला वाचून दाखवीन. तुम्ही फक्त मी वाचतो तेवढंच करायचं. जिथे अडाल, तिथे माझं चुकलं."

"आणि फ्रेम मोडली तर?"

"मामा आहेत ना."

मामांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि निघून गेले. ती 'नाही' म्हणणार होती. तोंडातून 'बरं' निघालं.

तिचं काम दातांचं होतं. दंतवैद्यांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे येत, आणि ती प्रयोगशाळेत बसून त्यावरून कवळ्या नि खोटे दात घडवी. मेणात कोरायचं, घासायचं, चमकवायचं... सगळं केसाच्या फरकाने. हे ऐकल्यावर तो म्हणाला होता, "म्हणजे तुमच्या हातून जे जे घडतं, ती दंतकथाच." तिने ऐकू न आल्यासारखं केलं. पण मामांनी ऐकलं, आणि त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये तिचं नाव दंतकथा पडलं. त्याचं अर्थातच मायाळू.

रविवार जात राहिले. तो स्टूल ओढून बसायचा आणि वाचायचा, ती करायची. चिमट्याच्या गळ्यात छर्रे बसवताना एक निसटला आणि टणटणत थेट मामांच्या पायाशी गेला. टायर रिमवर चढवताना तिच्या नखाची वाट लागली. "'टायर अंगठ्याने ढकलावा,'" त्याने वाचलं, आणि ती म्हणाली, "कुणाच्या? माझ्या अंगठ्याने ढकलला जात नाहीये." तेव्हा तो स्टुलावरून उठला, बाह्या सरसावल्या, आणि चार अंगठ्यांनी मिळून टायर एकदाचा आत बसवला. बसल्यावरही अंगठे लगेच बाजूला झाले नाहीत. मग दोघांनी एकदमच काढले.

"लिहा," ती रिमकडे बघत म्हणाली, "'शेजाऱ्याला बोलवावं.'"

"कुठल्याही?"

"...तेवढं अजून ठरायचंय."

एका रविवारी पत्र्यावर पावसाने असा ताशा धरला, की त्याचं वाचणं तिला ऐकू येईना. तो जवळ आला. अगदी कानापाशी वाकून वाचायला लागला, ब्रेकची वायर कुठून आत घालायची आणि कुठे कापायची. वायर कापायच्या सूचनेत इतका श्वास असतो, हे तिला माहीत नव्हतं. तिने वायर आखूड कापली. "माझं चुकलं," तो म्हणाला. "नाही, माझं," ती म्हणाली. मामांनी दुसरी वायर आणून दोघांच्या मध्ये आपटली.

कधीतरी त्याने विचारलं होतं, "पण तुम्ही तयार का नाही घेतलीत? दुकानात एवढ्या सुंदर सायकली असतात."

"हौस," ती म्हणाली होती.

खोटं नव्हतं ते. पण पूर्ण खरंही नव्हतं. लहानपणी झाडावरून पडून तिची डावी मांडी मोडली होती. हाड सांधलं, पण वाढायचं थांबलं. डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. बुटाच्या आत उंची वाढवणारी गादी होती, वर लांब पायघोळ पँट, आणि चालण्याची अशी एक लय तिने बसवून घेतली होती, की लक्ष देऊन बघितल्याशिवाय कुणाला काही कळू नये. सायकल तिच्या नशिबी होती ती ताईच्या कॅरियरवर. शाळा, क्लास, बाजार, सगळं मोठ्या बहिणीच्या पाठीला धरून. पुढचा रस्ता तिला कधी दिसलाच नाही, दिसली ती ताईची वेणी.

नोकरी लागल्यावर तिने दोनदा सायकल घेतली, दोनदा विकली. अर्ध्या तासात कंबर भरून यायची, गुडघा ठणकायचा. तिसऱ्यांदा दुकानात गेली तेव्हा विकणाऱ्याने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही असं करा ना, तीनचाकी बघा. आरामशीर असते." त्या दिवशी घरी येऊन तिने ताईला सांगितलं होतं, आता मी जोडीनच. माझ्या मापाची. रस्त्यावर वाऱ्यासारखी जाते ना, तसली.

हे सगळं ती मायाळूला सांगणार होती. सांगणारच होती. पण दर रविवारी मजा यायची, आणि वाटायचं, अजून एक रविवार नुसतं साध्या माणसासारखं राहू.

मग सीटचा दिवस आला.

सायकल आता सायकलसारखी दिसायला लागली होती. चाकं बसली होती, पॅडलं लागली होती. तो पुढे उभा राहून हँडल दोन्ही हातांनी धरून होता, कागद ब्रेकच्या वायरीत अडकवलेला. ती सीटवर चढली.

"'टाच पॅडलवर ठेवावी,'" त्याने वाचलं. "'पॅडल अगदी खाली असताना गुडघा सरळ व्हावा. न झाल्यास सीट वर-खाली करावी.'"

तिने उजवी टाच ठेवली. झाला सरळ. डावी ठेवायची वेळ आली आणि ती थांबली. पाय हवेतच राहिला.

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. कागद उलटला आणि रोजच्याच खणखणीत वाचायच्या आवाजात पुढचं वाचलं: "'दोन्ही पाय सारख्या लांबीचे नसल्यास सीट लांब पायाच्या मापाने लावावी, आणि आखूड पायाच्या बुटाखाली जेवढा फरक, तेवढ्याच जाडीची चकती बसवावी.'"

शेजारच्या स्टँडवरच्या माणसाचा हातोडा थांबला. त्याची नजर सहज, अगदी सहज तिच्या पायांकडे गेली.

"हे मूळ पत्रकात आहे?" तिने हळू विचारलं.

"नाही... मी घातलं. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"की तुम्हाला उपयोग होईल."

"मी मागितलं होतं?" ती सीटवरून उतरली. उतरताना डावा पाय जरासा लचकला, त्याने हात पुढे केला, आणि त्या हाताने तिचा पारा आणखीच चढला. "इतके आठवडे मी इथे येतेय, हसतेय, बोलतेय, आणि तू काय करत होतास? माझा पाय मोजत होतास? आणि मोजलास तो मोजलास, वर कलम करून सगळ्यांना वाचून दाखवलास?"

वर्कशॉप चिडीचूप झालं होतं. तिच्याही ध्यानात नव्हतं, की इतके आठवडे 'अहो-जाहो' केलेल्या माणसाला ती पहिल्यांदा 'तू' म्हणाली होती, आणि तेही असं.

तिने पिशवी उचलली. दारापर्यंतचं अंतर रोजचंच होतं, पण त्या दिवशी ते संपता संपेना. लय चुकली होती. एक पाऊल, मग जरा थांबून दुसरं. सगळ्यांना ऐकू जात असणार, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

पुढचे दोन रविवार ती घरीच राहिली. कपाट आवरलं, पडदे धुतले, ताईच्या मागे लागून भांड्यांची मांडणी बदलली. शेवटी ताईने हातातली कढई खाली ठेवली.

"एक सांग. तू रागावलीस ती त्याने पाहिलं म्हणून, की मोठ्याने बोलला म्हणून?"

"दोन्ही."

"मोठ्याने बोलला तो मूर्खपणा झाला. त्याबद्दल चार शिव्या मीही देईन. पण पाहिलं, त्यात काय चुकलं गं त्याचं? तुला काय वाटतं, आम्हाला कुणाला दिसत नाही? आम्ही घरचे म्हणून बोलत नाही, एवढंच."

त्या आठवड्यात कामावर जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच बसून राहिली आणि कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात तो गुलाबी मसाला कालवायला घेतला. बुटाच्या तळव्याखाली बसेल अशी एक पातळ चकती केली. पहिली दाबाखाली तडकली. दुसरीही. तिसरीत तिने काचेच्या धाग्यांची जाळी घातली. ती टिकली. बुटाला लावून ती प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून पॅडल मारल्यासारखा पाय वर-खाली करून बघत राहिली, आणि तिच्या मनात आलं, फरकाइतकी जाडी घालून चालणारच नाही. त्याचं चुकलंच होतं.

रविवारी तो असणार, म्हणून ती बुधवारी संध्याकाळी वर्कशॉपला गेली. आत पाऊल टाकलं, तर तिच्या सायकलशेजारच्या स्टुलावर तो.

"तुम्ही?" दोघंही एकदम म्हणाले.

"तुम्ही रविवारी येता," तो उभा राहत म्हणाला, "तुम्हाला नको असताना समोर यायला नको, म्हणून मी बुधवारी..."

"मीही म्हणूनच बुधवारी."

मामा आतल्या खोलीत कुणाशी तरी फोनवर बोलायला निघून गेले. फोन वाजल्याचं कुणीच ऐकलं नव्हतं.

"ते कलम मी काढून टाकलं," तो म्हणाला. "आणि... माझं चुकलं. तुम्हाला आधी एकटीला विचारायला हवं होतं. मला वाटलं, रोजच्यासारखं वाचून टाकलं तर त्याचं काही वाटणार नाही. एवढीशीच गोष्ट वाटेल. ती एवढीशी आहे की केवढी, हे ठरवणारा मी कोण?"

ती स्टँडपाशी गेली. कुणीतरी फ्रेम पुसली होती, साखळीवर फडकं टाकून ठेवलं होतं.

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी." तो अडखळला. "पण मी पाय मोजत नव्हतो, खरंच. मी मान खाली घालून लिहीत बसतो ना, मला माणसं दिसत नाहीत, ऐकू येतात. तुम्ही आलात की एक पाऊल पडतं, आणि दुसरं किंचित थांबून येतं. या गोंगाटात तेवढंच मला वेगळं ऐकू यायचं. मग मी..." त्याने फाईल या हातातून त्या हातात घेतली. "मग आठवडाभर मी त्याचीच वाट बघायला लागलो."

जे लपवण्यात इतकी वर्षं गेली, त्याची कुणी वाट बघत असेल, ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागत होता. बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर ओढून घेतलं. तिने पिशवीतून ती गुलाबी चकती काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"ते कलम परत घाल."

"...घालू?"

"हो. पण त्यात चूक आहे. फरकाइतकी जाडी घातली, तर पॅडल वर येताना गुडघा पार छातीला येतो. माझं मांडीचं हाड आखूड आहे. अशा माणसाने अर्ध्यानेच सुरुवात करायची, मग सवयीने वाढवायची. लिही."

त्याने पेन काढलं. मग पेनाचं टोपण न काढताच तिच्याकडे बघत राहिला.

"लिही ना!"

"लिहितो. फक्त... 'लिही' म्हणालात ना, ते ऐकत होतो. मागच्या वेळी 'तू' म्हणालात, तेव्हा लक्ष द्यायच्या मनःस्थितीत नव्हतो."

तिच्या गालांवर ऊन चढल्यासारखं झालं. "मग तूही म्हण. मी काय तुझी काकू आहे?"

त्या संध्याकाळी तिने त्याच्यासमोर बूट काढले आणि नुसत्या पायांनी फरशीवर उभी राहिली. खांदा डावीकडे झुकला. त्याने नजर वळवली नाही आणि रोखलीही नाही. खाली बसून तिच्या बुटाला चकती धरली, तिने स्क्रू पिळले. मग बूट घालून ती सीटवर चढली, त्याने हँडल धरलं, आणि तिने पहिल्यांदा उजवा, मग डावा चवडा पॅडलवर ठेवला. गुडघा सरळ होता होता राहिला, अगदी जेवढा राहायला हवा होता तेवढाच.

"बरोबर?" त्याने विचारलं.

"बरोबर," ती म्हणाली, आणि उगाचच आणखी थोडा वेळ बसून राहिली.

बाकीचं काम सरळ होतं, म्हणजे निदान तिला तसं वाटलं होतं. गियरने एक रविवार खाल्ला. साखळी कधी आतल्या बाजूला उडी मारायची, कधी बाहेर पडायची, आणि मामा म्हणायचे, "पाव फेरा. पाव म्हटलं की पाव, अर्धा नाही." हँडलची फीत तिने तीनदा गुंडाळली आणि तीनदा सोडली. चौथ्यांदा ती बसली. मामांनी सायकल स्टँडवरून उतरवली, चाक फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "जा आता. माझा स्टँड मोकळा कर."

ती शहराबाहेरच्या तलावापर्यंत जाणार होती. चढाचा रस्ता, पण गाड्या कमी. "मी बसने पुढे जाऊन थांबतो," तो म्हणाला. "कुणीतरी घड्याळ घेऊन उभं असावं लागतं ना शर्यतीत."

"शर्यत कुणाशी?"

"ते तू ठरव."

सकाळी ताईने दारातून हात हलवला, तेव्हा ताईचे डोळे पाणावलेत हे तिला दिसलं, पण थांबायचं नाही असं ठरवून ती निघालीच. पहिली काही वळणं तिने जीव मुठीत धरून काढली. प्रत्येक खडखडाटाला वाटायचं, आता काहीतरी सुटणार. काहीच सुटलं नाही. शहराची शेवटची घरं मागे पडली आणि रस्ता मोकळा झाला. तिच्यापुढे कुणाची पाठ नव्हती. नुसता रस्ता होता, दोन्ही बाजूंना ओलं गवत, आणि टायरांचा बारीक, अखंड आवाज. ती गुडघा दुखायची वाट बघत होती, जुन्या सवयीने. चढ सुरू झाला, तरी तो दुखला नाही. कंबरही नाही. मध्यावर दम लागला, छाती फुटायची वेळ आली, पण तो साधा दम होता, सगळ्यांना लागतो तसला. तिला इतका आनंद झाला, की ती एकटीच मोठ्याने ओरडली. गवतातून चार पक्षी भर्रकन उडाले.

तलावापाशी, बसच्या शेवटच्या थांब्यावर तो उभा होता. घड्याळाकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"दुखलं?" हा पहिला शब्द.

"नाही." तिला धाप लागली होती. "नाही रे. अजिबात नाही!"

तो हसला. मग हसू मावळलं आणि त्याने घसा साफ केला. "मला तुला एक... म्हणजे बरेच दिवस..."

"बोल."

"म्हणजे कसं आहे, की माणूस जेव्हा..." त्याने तलावाकडे बघितलं. तलावाने काही मदत केली नाही. "पाणी छान आहे नाही?"

"छान आहे."

"तर मी म्हणत होतो..."

बसने हॉर्न दिला. परत जाणारी ती सकाळची शेवटची बस होती, त्यानंतर थेट दुपारी. ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून विचारलं, येताय की नाही. तो गोंधळला. तिच्याकडे बघितलं, बसकडे बघितलं.

"जा," ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं, पण म्हणून गेली. "नाहीतर अडकशील."

आणि तो खरंच चढला! बस निघाली. मागच्या काचेतून त्याचा चेहरा दिसला, चुकीच्या वर्गात जाऊन बसलेल्या पोरासारखा. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने पाय पॅडलवर टाकला.

आता उतार होता. वारा कानात घोंघावत होता. वळणावर बस हळू झाली आणि ती जवळ गेली, सरळ रस्त्यावर बस पुन्हा पुढे पळाली. ती वाकली, हँडलचा खालचा भाग धरला आणि गियर बदलला. साखळी चूपचाप जागेवर बसली. आत तो उठून दरवाजाशी आलेला तिला दिसला. काहीतरी हातवारे करत होता. काय म्हणतोय कोण जाणे... तिला एवढंच कळलं, की त्याच्यापर्यंत पोचायचं आहे, आणि आपल्या पायांनी पोचायचं आहे.

पुढच्या थांब्यावर कुणीच चढायला नव्हतं. तरी बस थांबली. तो उतरला, बस धूळ उडवत निघून गेली, आणि धूळ खाली बसायच्या आत ती त्याच्यासमोर करकचून ब्रेक दाबून उभी राहिली.

"इथे का उतरलास?" तिने धापा टाकत विचारलं. "इथे काय आहे?"

त्याने आजूबाजूला बघितलं. थांब्याचा एक खांब, एक वाळलेलं झाड, लांबवर चरणाऱ्या दोन शेळ्या.

"आत्ता तरी तू आहेस," तो म्हणाला. आणि मग एका दमात, "मला तू आवडतेस. खूप. वर तीन वेळा प्रयत्न केला, जमलं नाही. बसमध्ये बसलो आणि जमलं. पण तिथे ऐकायला कंडक्टर होता."

"मग? काय म्हणाला कंडक्टर?"

"म्हणाला, पुढचा थांबा आलाच, उतरा."

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते वाऱ्याचं की कशाचं, तिने शोधायचा प्रयत्न केला नाही. घामाने भिजलेली बट कपाळावरून मागे सारली आणि म्हणाली, "मला तर तू 'बेताने' लिहून घेतलंस ना, तेव्हाच आवडला होतास. तुझ्या आधी कळलं होतं मला. सांगायला मात्र तुझ्याइतकाच उशीर."

त्याने अगदी हळू तिच्या ग्रीसने काळवंडलेल्या बोटांवर आपली बोटं ठेवली. तिने हात काढून घेतला नाही.

मग ती सायकलवरून उतरली. चकतीच्या बुटांनी डांबरावर चालता येण्यासारखं नव्हतं. तिने ते काढले आणि त्यांचे बंद बांधून हँडलला अडकवले. सायकल त्याच्या हातात दिली.

"धर. तुला चालवता येत नाही, निदान ढकल तरी."

ती अनवाणी चालायला लागली. रस्ता सकाळच्या उन्हाने कोमट झाला होता. प्रत्येक पावलाला खांदा खाली जात होता, पुन्हा वर येत होता, आणि ती चेहरा वर करून, समोर बघत चालली होती. तो सायकल ढकलत शेजारून चालला होता, तिच्या पुढेही नाही आणि मागेही नाही.

"अगं, पुढची बस दुपारी आहे," थोड्या वेळाने त्याला एकदम आठवलं.

"असू दे," ती म्हणाली.